आपत्कालीन श्वासवायू पुरवठा (स्कूबा डायव्हिंग)

आपत्कालीन श्वासवायू पुरवठा म्हणजे स्कूबा डायव्हिंग करताना मुख्य सिलिंडरमधील हवा संपल्यास किंवा ती पुरवणारे उपकरण बिघडल्यास पाणबुड्याला सुरक्षितपणे पृष्ठभागावर येता यावे यासाठी राखून ठेवलेला वायू आणि तो श्वासासाठी उपलब्ध करून देणारी साधनसामग्री होय. हा पुरवठा जोडीदाराच्या सिलिंडरमधून मिळणारा असू शकतो किंवा पाणबुड्याने स्वतःसोबत नेलेल्या वेगळ्या सिलिंडरमधून मिळणारा असू शकतो. पहिल्या प्रकारास परावलंबी आणि दुसऱ्या प्रकारास स्वयंपूर्ण पर्याय असे म्हणता येते.

अशा पुरवठ्याचा पुरेसेपणा हा साधन सोबत असण्या-नसण्यावर नव्हे, तर त्यातील वायूच्या प्रमाणावर ठरतो. पाण्याची खोली वाढते तसा श्वासवायूचा खप वाढतो. घाबरलेल्या माणसाचा खप त्याहूनही वाढतो. त्यामुळे १० मीटर खोलीवर पुरेसे ठरणारे साधन ३० मीटरवर एक मिनिटही टिकत नाही. नियोजित डुबकीतील सर्वाधिक खोलीपासून पृष्ठभागापर्यंतच्या आरोहणास किती वायू लागेल, हे आधी मोजून त्यानुसार पर्याय निवडणे ही या विषयातील मध्यवर्ती बाब मानली जाते.

## पार्श्वभूमी

समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे १ बार असतो. पाण्यात दर १० मीटर खोलीमागे त्यात साधारण १ बारची भर पडते. म्हणजे १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३ बार आणि ३० मीटरवर ४ बार दाब असतो. स्कूबा रेग्युलेटर सिलिंडरमधील उच्च दाबाची हवा सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून पाणबुड्याला देतो. त्यामुळे ३० मीटरवरील प्रत्येक श्वासात पृष्ठभागावरील श्वासाच्या चौपट हवा खर्च होते.

वर येताना याच्या उलट घडते. बॉइलच्या नियमानुसार दाब कमी होताच फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. १० मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट आकारमान व्यापते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांना इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तवाहिन्यांत शिरू शकतात. घाईने वर आल्यास ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून डिकंप्रेशन आजार होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच हवा संपल्यावर तडक वर झेपावणे हा उपाय उथळ पाण्यापुरताच मर्यादित राहतो. नियंत्रित वेगाने वर येण्यासाठी वेळ लागतो आणि त्या वेळात श्वास घेण्यासाठी वायू लागतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेतील संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील हौशी स्कूबा डायव्हिंगमधील ९४७ मृत्यूंचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या प्रकरणांत अपघाताची सुरुवात कशाने झाली हे ठरवता आले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत अपुरा श्वासवायू हे आरंभीचे कारण होते. अडकून पडणे आणि उपकरणांतील बिघाड ही कारणे त्याखालोखाल होती.

## इतिहास

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग हे उपकरण विकसित केले. सुरुवातीच्या काळात सिलिंडरमध्ये किती हवा उरली आहे हे पाण्याखाली दाखवणारा दाबमापक सर्रास वापरात नव्हता. त्याऐवजी ‘जे-व्हॉल्व्ह’ नावाची राखीव झडप वापरली जाई. सिलिंडरमधील दाब ठरावीक मर्यादेखाली गेला, की स्प्रिंगच्या साहाय्याने ही झडप हवेचा प्रवाह अडवू लागे. श्वास जड होऊ लागला की पाणबुड्या एक दांडी ओढून राखीव हवा मोकळी करी आणि वर निघे. ही दांडी चुकून आधीच ओढली गेल्यास राखीव साठा नकळत वापरला जाई आणि मग कोणतीही पूर्वसूचना न मिळता हवा संपे. सिलिंडरला जोडलेला व पाण्याखाली वाचता येणारा दाबमापक रूढ झाल्यावर ही पद्धत मागे पडली.

जोडीदाराकडून हवा घेण्याची जुनी रीत म्हणजे एकाच मुखखंडातून दोघांनी आळीपाळीने श्वास घेणे. शांत चित्ताच्या, सराव असलेल्या दोन व्यक्तींना हे जमते. पण घाबरलेला पाणबुड्या मुखखंड परत देत नाही आणि एकाच्या संकटाचे दोघांचे संकट होते. हा अनुभव वारंवार आल्याने रेग्युलेटरला दुसरा, जादा श्वसनखंड जोडण्याची पद्धत पुढे आली. अनेक नळ्यांमुळे या मांडणीला ‘ऑक्टोपस’ असे नाव पडले. आज हौशी डायव्हिंगमध्ये हा जादा श्वसनखंड जवळपास सर्वत्र नेहमीच्या साहित्याचा भाग आहे.

गुहा-डायव्हिंगमध्ये थेट वर येणे शक्य नसल्याने राखीव वायूचा विचार तेथे सर्वाधिक काटेकोरपणे झाला. अमेरिकन गुहा-पाणबुडे शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत गुहांमधील अपघातांचे विश्लेषण करून सुरक्षिततेचे नियम मांडले. एक तृतीयांश वायू आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव हा ‘तृतीयांश नियम’ या क्षेत्रात पायाभूत मानला जातो.

## बिघाडांचे प्रकार

कोणता पर्याय पुरेसा ठरेल हे कोणत्या बिघाडापासून संरक्षण हवे आहे यावरही अवलंबून असते. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* वायू संपणे – दाबमापकाकडे दुर्लक्ष, अपेक्षेपेक्षा जास्त खोली, प्रवाहाविरुद्ध पोहणे किंवा वर येण्यास झालेला उशीर यांमुळे सिलिंडर रिकामे होते. हा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक टाळता येण्याजोगा प्रकार आहे.
* द्वितीय टप्प्यातील बिघाड – तोंडात धरावयाच्या भागाचा पडदा फाटणे, त्यात वाळू अडकणे किंवा मुखखंड निखळणे. येथे स्वतःचा ऑक्टोपसही उपयोगी पडतो, कारण सिलिंडरमधील हवा शिल्लक असते.
* प्रथम टप्प्यातील बिघाड – सिलिंडरवर बसवलेला दाब कमी करणारा भाग निकामी झाल्यास त्याला जोडलेले दोन्ही श्वसनखंड एकाच वेळी निरुपयोगी होऊ शकतात.
* फ्री-फ्लो – हवेचा प्रवाह न थांबता वाहू लागणे. थंड पाण्यात प्रसरण पावणारी हवा आणखी थंड होते, रेग्युलेटरमध्ये बर्फ साचतो आणि झडप उघडीच राहते.
* नळी फुटणे किंवा वॉशर निसटणे – कमी दाबाची नळी फुटल्यास भरलेले सिलिंडर काही मिनिटांतच रिकामे होते. दाबमापकाकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळीच्या तोंडाशी अतिशय बारीक छिद्र असल्याने तेथील गळती तुलनेने संथ असते.
* सिलिंडरची झडप नीट न उघडणे – पृष्ठभागावर श्वास घेता येतो, परंतु खोलीवर जास्त प्रवाहाची गरज पडताच हवा अपुरी पडते.

या यादीतील प्रथम टप्प्यातील बिघाड, फ्री-फ्लो आणि नळी फुटणे या प्रसंगी त्याच सिलिंडरवर बसवलेला स्वतःचा ऑक्टोपस कामी येत नाही. ऑक्टोपस हा मुख्यतः जोडीदारासाठी असतो. स्वतःच्या दृष्टीने तो वायूचा दुसरा साठा नव्हे, तर त्याच साठ्याचे दुसरे तोंड असते.

## पर्यायांचे प्रकार

### जोडीदार आणि ऑक्टोपस

हौशी डायव्हिंगमधील सर्वांत प्रचलित पर्याय जोडीदाराचा असतो. संकटात सापडलेला पाणबुड्या जोडीदाराच्या जादा श्वसनखंडातून श्वास घेतो आणि दोघे एकमेकांना धरून वर येतात. हा श्वसनखंड सहज दिसावा म्हणून बहुधा पिवळ्या रंगाचा असतो, त्याची नळी लांब असते आणि तो छातीच्या भागात अडकवलेला असतो. काही मांडण्यांत तो प्लावकता नियंत्रित करणाऱ्या जॅकेटच्या हवा भरण्याच्या यंत्रणेतच बसवलेला असतो. अशा वेळी देणारा स्वतःच्या तोंडातील मुख्य श्वसनखंड गरजूला देतो आणि स्वतः जॅकेटवरील खंड वापरतो.

या पर्यायाचा पुरेसेपणा तीन अटींवर अवलंबून असतो. जोडीदार काही सेकंदांत गाठता येईल इतका जवळ असला पाहिजे, त्याच्या सिलिंडरमध्ये दोघांना पुरेल इतका वायू असला पाहिजे आणि त्याचा रेग्युलेटर खोलीवर दोघांचा श्वास एकाच वेळी भागवू शकला पाहिजे. गढूळ पाण्यात, छायाचित्रणात गुंतलेल्या जोडीत किंवा अनोळखी व्यक्तीसोबत डुबकी घेताना पहिलीच अट पूर्ण होत नाही.

### छोटे एकात्मिक सिलिंडर

ज्यात सिलिंडर, रेग्युलेटर आणि मुखखंड एकत्र जोडलेले असतात अशी हातात मावणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांतील परिचित मोठ्या आकारात सुमारे ८५ लिटर, तर लहान आकारात त्याहून कमी हवा मावते. पाण्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्यासाठी वैमानिकांना अशाच प्रकारची उपकरणे दिली जातात. त्या कामात खोली अत्यल्प असते आणि काही श्वासही जीव वाचवू शकतात. स्कूबा डायव्हिंगमध्ये मात्र त्यांची उपयुक्तता खोलीप्रमाणे झपाट्याने घटते.

### पोनी सिलिंडर

पोनी सिलिंडर म्हणजे स्वतःचा प्रथम व द्वितीय टप्पा असलेले लहान, स्वतंत्र सिलिंडर होय. ते मुख्य सिलिंडरच्या बाजूला पट्ट्यांनी बांधले जाते किंवा छातीच्या कडेला क्लिपांनी टांगले जाते. ब्रिटनसारख्या थंड व गढूळ पाण्याच्या प्रदेशांत ३ लिटर क्षमतेचे पोनी सिलिंडर लोकप्रिय आहे. अमेरिकेत १३, १९, ३० आणि ४० घनफूट असे आकार प्रचलित आहेत. मुख्य पुरवठ्याशी काहीही संबंध नसल्याने वर दिलेल्या सर्व बिघाडांत पोनी सिलिंडर उपयोगी पडते. त्यात पुरेसा वायू असणे एवढीच अट असते.

### जुळी सिलिंडरे आणि साइडमाउंट

तांत्रिक डायव्हिंगमध्ये पाठीवर दोन सिलिंडरे मधल्या नळीने जोडलेली असतात आणि त्या नळीवर विलग करणारी झडप असते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र रेग्युलेटर असतो. एक बाजू निकामी झाल्यास पाणबुड्या त्या बाजूची झडप बंद करून उरलेला वायू वाचवतो. साइडमाउंट मांडणीत दोन्ही सिलिंडरे शरीराच्या दोन बाजूंना असून ती पूर्णपणे स्वतंत्र असतात; त्यामुळे दोन्हींतील वायू आळीपाळीने व समान प्रमाणात वापरावा लागतो. एका सिलिंडरमधील वायू फार कमी केल्यास राखीव साठ्याचे संतुलन बिघडते.

### रीब्रीदरसाठी बेलआउट

उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून तोच वायू पुन्हा वापरणाऱ्या रीब्रीदरमध्ये बिघाड झाल्यास पाणबुड्याला साध्या, खुल्या पद्धतीच्या सिलिंडरकडे वळावे लागते. यास बेलआउट म्हणतात. रीब्रीदर वापरताना वायूचा खप अतिशय कमी असतो, तर बेलआउटवर जाताच तो खोलीच्या प्रमाणात वाढतो. हा फरक विचारात न घेतल्यास राखीव साठा लहान ठेवला जाण्याची शक्यता असते.

## पुरेसेपणाची गणना

### मूलभूत सूत्र

आवश्यक वायूचे प्रमाण तीन गोष्टींच्या गुणाकारातून मिळते : पृष्ठभागावरील दर मिनिटाचा खप, त्या खोलीवरील दाब आणि त्या खोलीवर जाणारा वेळ. डुबकीच्या प्रत्येक टप्प्यासाठी हा गुणाकार वेगळा करून बेरीज केली जाते.

शांतपणे पोहणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा पृष्ठभागावरील खप स्थूलमानाने दर मिनिटाला १५ ते २० लिटर धरला जातो. संकटकाळी तो ३० ते ४० लिटर किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. राखीव साठ्याची गणना नेहमीच्या खपावर केल्यास उत्तर हमखास कमी येते, कारण तो साठा शांत माणूस कधीच वापरत नाही.

### उदाहरण

पुढील तक्त्यात संकटकाळी खप दर मिनिटाला ३० लिटर धरला आहे. परिस्थिती ओळखून पर्यायी श्वसनखंड तोंडात घेण्यास तळाशी १ मिनिट, ५ मीटरपर्यंत दर मिनिटाला सुमारे ९ मीटर वेगाने आरोहण, ५ मीटरवर ३ मिनिटांचा सुरक्षा थांबा आणि शेवटच्या ५ मीटरसाठी १ मिनिट असे टप्पे आहेत. आकडे लिटरमध्ये असून आरोहणासाठी सरासरी खोलीवरील दाब घेतला आहे.

| कमाल खोली | तळाशी १ मिनिट | ५ मीटरपर्यंत आरोहण | सुरक्षा थांबा | शेवटचे ५ मीटर | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| १८ मीटर | ८४ | ९७ | १३५ | ३८ | ३५४ |
| ३० मीटर | १२० | २४८ | १३५ | ३८ | ५४१ |
| ४० मीटर | १५० | ३९० | १३५ | ३८ | ७१३ |

खप ४० लिटर धरल्यास हेच आकडे अनुक्रमे सुमारे ४७०, ७२० आणि ९५० लिटर होतात. सुरक्षा थांबा हा डिकंप्रेशनची सक्ती नसलेल्या डुबकीत ऐच्छिक असतो. वायू अपुरा पडत असल्यास तो सोडून थेट पृष्ठभागावर येणे हेच योग्य मानले जाते. मात्र थांबा गृहीत न धरता साठा निवडल्यास चुकीसाठी जागा उरत नाही. डिकंप्रेशनचे सक्तीचे थांबे असलेल्या डुबकीत त्या थांब्यांचा संपूर्ण वायू गणनेत धरणे अनिवार्य असते.

### जोडीदारासाठी राखीव दाब

‘सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना पृष्ठभागावर असावे’ हा हौशी डायव्हिंगमधील परिचित संकेत आहे. अनेकदा त्याचा अर्थ ५० बार होईपर्यंत तळाशी राहता येते, असा चुकीचा घेतला जातो. ११.१ लिटर क्षमतेच्या सर्वसामान्य ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये ५० बार दाबाला सुमारे ५५५ लिटर हवा असते. वरील तक्त्यानुसार ३० मीटरवरून एका घाबरलेल्या पाणबुड्याला ५४१ लिटर लागतात, म्हणजे हा साठा एकालाच जेमतेम पुरतो. जोडीदारही त्याच सिलिंडरवर आल्यास १,०८२ लिटर, अर्थात सुमारे ९७ बार लागतात.

म्हणजेच ३० मीटरवर जोडीदाराच्या सिलिंडरवर भिस्त ठेवायची असेल, तर दोघांपैकी कोणाचाही दाब १०० बारवर येताच वर निघणे आवश्यक ठरते. १८ मीटरवर हाच आकडा सुमारे ६४ बार, तर ४० मीटरवर सुमारे १२८ बार येतो. तळ सोडण्यासाठी ठरवलेल्या या किमान साठ्यास डायव्हिंगमध्ये ‘रॉक बॉटम’ किंवा ‘किमान वायू’ असे म्हणतात. सिलिंडर मोठे असल्यास त्याच प्रमाणात आवश्यक दाब कमी होतो.

गुहेतील तृतीयांश नियमालाही ही मर्यादा लागू पडते. सर्वांत दूरच्या बिंदूवर एकाचा वायू संपल्यास जोडीदाराकडील दोन तृतीयांश साठा दोघांना परतीसाठी नेमका पुरतो, पण तोही दोघांचा खप शांतावस्थेतील असेल आणि परतीला जाण्याइतकाच वेळ लागेल तरच. त्यामुळे अनेक गुहा-पाणबुडे याहून अधिक साठा राखतात.

## सिलिंडरच्या आकाराची निवड

वरील गणनेशी प्रचलित आकारांची तुलना पुढीलप्रमाणे होते. येथील क्षमता सिलिंडर पूर्ण दाबाने भरलेले असतानाची आहे.

| साधन | अंदाजे वायू | निष्कर्ष (खप ३० लिटर) |
|---|---|---|
| मोठे एकात्मिक सिलिंडर | ८५ लिटर | सुमारे १० मीटरवरून तत्काळ आरोहणापुरते |
| १३ घनफूट पोनी | ३७० लिटर | १८ मीटरसाठी काठावर |
| १९ घनफूट पोनी | ५४० लिटर | १८ मीटरसाठी पुरेसे, ३० मीटरसाठी काठावर |
| ३ लिटर पोनी, २०० बार | ६०० लिटर | ३० मीटरसाठी पुरेसे |
| ३० घनफूट पोनी | ८५० लिटर | ४० मीटरसाठी पुरेसे |
| ४० घनफूट पोनी | १,१३० लिटर | ४० मीटरसाठी खप ४० लिटर धरूनही पुरेसे |

एकात्मिक लहान सिलिंडरच्या बाबतीत ८५ लिटर हवा ३० मीटरवर दर मिनिटाला १२० लिटर या खपाने सुमारे ४३ सेकंद टिकते. थांबा न घेता ९ मीटर प्रतिमिनिट वेगाने तेथून पृष्ठभागावर येण्यास सुमारे २५० लिटर लागतात. वेग दुप्पट केला तरी १२५ लिटरची गरज उरते. १० मीटरवरून ताबडतोब वर येण्यास मात्र सुमारे ५० लिटर पुरतात. त्यामुळे या साधनाचे मूल्यमापन करताना ‘किती श्वास मिळतात’ या आकड्यापेक्षा ‘कोणत्या खोलीवरून वर येता येते’ हा निकष अधिक उपयुक्त ठरतो. जाहिरातींतील श्वासांची संख्या बहुधा पृष्ठभागावरील दाबाला अनुसरून दिलेली असते. खोलीवर ती दाबाच्या प्रमाणात घटते.

घनफुटांतील क्षमता पूर्ण दाबालाच लागू असते. ३० घनफुटांचे सिलिंडर निम्म्या दाबाने भरले असल्यास त्यात निम्माच वायू असतो. शिवाय सिलिंडरमधील दाब सभोवतालच्या दाबापेक्षा थोडाच अधिक उरला, की रेग्युलेटरचा पुरवठा मंदावतो. त्यामुळे सिलिंडरमधील सर्वच वायू श्वासासाठी मिळत नाही. तक्त्यात ‘काठावर’ असे नोंदवलेले आकार या कारणाने प्रत्यक्षात अपुरे ठरू शकतात.

मोठ्या सिलिंडरचे तोटेही आहेत. ते अवजड असते, विमानप्रवासात नेणे गैरसोयीचे असते आणि पाण्यात शरीराचा तोल एका बाजूला झुकवते. सिलिंडरमधील हवेलाही वजन असते : ६०० लिटर हवेचे वजन सुमारे पाऊण किलो भरते.

## मांडणी आणि हाताळणी

राखीव सिलिंडर पुरेसे मोठे असूनही चुकीच्या मांडणीमुळे ते निरुपयोगी ठरल्याची उदाहरणे डायव्हिंगच्या प्रशिक्षणात दिली जातात. यांतील ठळक मुद्दे असे :

* श्वसनखंडाची ओळख – मुख्य व राखीव श्वसनखंड सारखेच दिसत असल्यास पाणबुड्या नकळत राखीव सिलिंडरवरच डुबकी सुरू करू शकतो. मुख्य दाबमापक भरलेलाच दिसत राहतो आणि थोड्याच वेळात, खोलीवर असताना, अचानक हवा संपते. वेगळा रंग, वेगळ्या आकाराचा मुखखंड आणि ठरलेली जागा यांमुळे हा धोका कमी होतो.
* स्वतंत्र दाबमापक – राखीव सिलिंडरला स्वतःचा दाबमापक असणे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तो वाचणे आवश्यक असते.
* झडप उघडी की बंद – झडप उघडी ठेवल्यास श्वसनखंड तत्काळ वापरता येतो, परंतु फ्री-फ्लो होऊन साठा नकळत रिकामा होऊ शकतो. नळीत दाब भरून झडप बंद ठेवल्यास साठा सुरक्षित राहतो, मात्र संकटात झडप उघडण्याची जादा कृती करावी लागते. पाठीवर बांधलेल्या सिलिंडरची झडप हाताला लागत नसल्याने ती सहसा उघडी ठेवली जाते. छातीशी टांगलेल्या सिलिंडरच्या बाबतीत दोन्ही पद्धती आढळतात.
* हाताच्या टप्प्यात असणे – लोंबकळणारा श्वसनखंड तळावर घासला जातो, त्यात वाळू जाते आणि गरजेच्या वेळी तो सापडत नाही.
* वायूचे मिश्रण – राखीव सिलिंडरमधील मिश्रण डुबकीच्या कमाल खोलीवर श्वास घेण्यास सुरक्षित असले पाहिजे. ३२ टक्के ऑक्सिजन असलेल्या नायट्रॉक्ससाठी १.४ बार या ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची मर्यादा सुमारे ३३ मीटरवर गाठली जाते. त्याखाली ऑक्सिजनच्या विषबाधेचा धोका वाढत जातो. सिलिंडरवर मिश्रण व कमाल खोली ठळकपणे लिहिण्याची प्रथा आहे.

राखीव श्वसनखंडाकडे वळण्याचा सराव डुबकीच्या सुरुवातीस उथळ पाण्यात केला जातो. अनेक महिने न वापरलेले साधन संकटाच्या क्षणी प्रथमच तोंडात घेतले जाणे धोकादायक मानले जाते.

## मर्यादा आणि मतभेद

स्वयंपूर्ण राखीव साठ्यामुळे पाणबुडे जोडीदाराकडे आणि दाबमापकाकडे दुर्लक्ष करू लागतात, असा आक्षेप घेतला जातो. राखीव सिलिंडरमधील वायू डुबकीचा कालावधी वाढवण्यासाठी वापरल्यास तो राखीव राहत नाही, हे सर्व मतप्रवाहांना मान्य आहे. दुसऱ्या बाजूस, उथळ व स्वच्छ पाण्यात, शिस्तबद्ध जोडीसह आणि योग्य किमान दाब राखून घेतलेल्या डुबकीत स्वतंत्र सिलिंडरची गरज नसते, असे मत मांडले जाते. खोली ३० मीटरच्या पुढे जाते, दृश्यमानता कमी असते, पाणी अतिशय थंड असते किंवा पाणबुड्या एकटा असतो, तेव्हा स्वतंत्र साठ्याच्या बाजूने कल वाढतो. एकट्याने डुबकी घेण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था स्वतंत्र राखीव पुरवठा आवश्यक मानतात.

कोणताही पर्याय नसताना उच्छ्वास सोडत, पोहत थेट वर येणे हा अखेरचा मार्ग असतो. प्रारंभिक प्रशिक्षणात याचा सराव साधारण ९ मीटरपर्यंतच्या खोलीसाठी दिला जातो.

## मानके आणि देखभाल

युरोपीय मानक ईएन २५०:२०१४ मध्ये, एकाच रेग्युलेटर संचातून दोन व्यक्ती श्वास घेत असतानाची कामगिरी तपासण्याची तरतूद आहे. ती पूर्ण करणाऱ्या संचावर मानकाच्या क्रमांकापुढे ‘ए’ हे अक्षर असते. १० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाची खूण असलेले रेग्युलेटर थंड पाण्यासाठी नसतात.

राखीव सिलिंडर क्वचितच वापरले जात असल्याने त्याच्या देखभालीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. सिलिंडरची आतून पाहणी आणि ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करण्याचा नियम बहुतेक देशांत आहे. अनेक ठिकाणी ही मुदत पाच वर्षांची आहे. राखीव रेग्युलेटरचीही मुख्य रेग्युलेटरप्रमाणेच नियमित दुरुस्ती-तपासणी करणे अपेक्षित असते.

## भारतातील स्थिती

भारतात अंदमान व निकोबार, लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी बेट, गोव्यातील ग्रांदे बेट आणि महाराष्ट्रातील मालवण-तारकर्लीचा किनारा ही स्कूबा डायव्हिंगची परिचित ठिकाणे आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथे आहे. उच्च दाबाच्या सिलिंडरांना देशात वायू सिलिंडर नियम, २०१६ लागू असून त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी होणाऱ्या बहुसंख्य डुबक्या उथळ पाण्यात आणि प्रशिक्षकाच्या सोबतीने होतात. अशा डुबकीत प्रमाणपत्र नसलेल्या पर्यटकास स्वतःच्या वायूचे नियोजन करता येत नाही. त्याचा आपत्कालीन पुरवठा म्हणजे प्रशिक्षकाचा जादा श्वसनखंड आणि प्रशिक्षकाच्या सिलिंडरमधील शिल्लक हवा होय. त्यामुळे प्रशिक्षकाच्या संचावर चालू स्थितीतील ऑक्टोपस असणे, प्रशिक्षक हाताच्या अंतरावर राहणे आणि त्याच्या सिलिंडरमध्ये दोघांना पुरेल इतका दाब शिल्लक असणे या तीन बाबींवरच पर्यटकाची सुरक्षितता अवलंबून असते. पावसाळ्याच्या आगेमागे या किनाऱ्यावरील पाणी गढूळ होते. अशा वेळी सोबतीचे अंतर आणखी कमी ठेवावे लागते.